लेकरू गेलेल्या बाळंतिणीला कसं सांभाळायचं

परवा रात्री माजलगावहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्या सुनेचं लेकरू गेलं, दिवस भरलेले, पोटातच गेलं. सुनेला घरी आणून दोन दिवस झालेत, बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडून आहे आणि घरात सगळे असे वावरायलेत जसं काही झालंच नाही. आक्का म्हणली, "बाय, तू यातून गेलीस, मला सांग मी काय करू, मला तिच्या खोलीत जायचीच भीती वाटायली." तासभर तिला सांगत बसले. फोन ठेवल्यावर झोप आली नाही, मग वाटलं लिहूनच काढावं, कारण अशा वेळी घरातली माणसं वाईट नसतात, त्यांना कळत नसतं काय करावं ते, आणि कळत नाही म्हणून ती गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्यानं बाई अर्धी मरते.

माझी लेक २०१६ ला झाली. आठव्या महिन्यात बीपी वाढलं म्हणून घाईनं सिझर केलं. चार दिवस काचेच्या पेटीत होती, मी वरच्या मजल्यावर, ती खालच्या. मी तिला एकदाच बघितलं, ते पण दुरून. बाकी पुढं येईलच.

आक्काला मी सगळ्यात आधी एकच सांगितलं. तुझी सून बाळंतीण आहे. लेकरू गेलं म्हणून बाळंतपण काही रद्द होत नाही. आपल्याकडं लेकरू हातात नसलं की बाळंतिणीचे लाड पण बंद, शेक बंद, अंगाला लावणं बंद, डिंकाचा लाडू बंद, जसं काही ते सगळं लेकरासाठीच होतं. पण पोट नऊ महिने तिचं ताणलं, टाके तिला पडले, रक्त तिचं गेलं. तर तिला बाळंतीण म्हणूनच वागवा आणि आई म्हणूनच वागवा. पुढचं सगळं यातूनच निघतं.

दवाखान्यात असताना

हे त्यांच्यासाठी ज्यांच्यावर वेळ आत्ता आलीय.

खोटं बोलू नका. मला दीड दिवस सांगत होते की लेकरू पेटीत आहे, बरं आहे, तू आराम कर. सगळ्यांची तोंडं बघून मला कळलंच होतं, पण कुणी बोलेना म्हणून मी पण विचारेना. हे म्हणतात की डॉक्टरच म्हणले तिचं बीपी वाढेल, सांगू नका. असेल तसं, पण मग डॉक्टरला विचारा कधी सांगायचं, त्यांच्यासमोर सांगा, नवऱ्यानं हात धरून सांगा. "गेलं" हा शब्द वापरा. "देवानं बोलावलं", "झोपलं" असलं काही म्हणू नका, गुंगीत असलेल्या बाईला ते लवकर समजत नाही आणि ती परत परत विचारत राहते.

मग विचारा, बघायचंय का तुला? घ्यायचंय का मांडीवर? आपल्याकडं सरसकट नाही म्हणतात, बाळंतिणीनं मेलेलं लेकरू बघू नये, मनावर घेईल, दूध आटणार नाही, काय काय. अहो मनावर तर तिनं घेतलेलंच आहे. बघायचं की नाही हे तिला ठरवू द्या. काही बायांना नको वाटतं, ते पण बरोबर आहे, जबरदस्ती करू नका, तासाभरानं परत एकदा विचारा कारण पहिल्या धक्क्यात नाही म्हणलेली बाई नंतर हो म्हणते. घ्यायचं म्हणली तर लेकराला पुसून, घरून आणलेल्या दुपट्यात गुंडाळून द्या आणि घाई करू नका. लेकराचा रंग बदललेला असला, कातडी नाजूक झालेली असली तर आधी तिला तसं सांगा म्हणजे दचकणार नाही.

मोबाईलमध्ये एक-दोन फोटो काढून ठेवा. तिला आत्ता नको असतील तरी काढा, नणंदेच्या नाहीतर भावाच्या फोनमध्ये राहू द्या, ती मागेल तेव्हा द्यायचे, न मागितले तर दाखवायचे नाहीत. शिक्क्याच्या शाईनं पायाचा ठसा कागदावर घेता येतो. हाताला दवाखान्याची पट्टी असते ती जपून ठेवा. माझ्याकडं फोटो एक पण नाही. पट्टी आहे, एका मावशीनं, म्हणजे वॉर्डातल्या आयाबाईनं, माझ्या उशाखाली गुपचूप ठेवली होती. त्यावर माझं नाव आणि "फिमेल" आणि वजन लिहिलंय, १३८० ग्रॅम. त्या बाईचं नाव पण मला माहीत नाही.

वॉर्डात कॉट बदलून मागा. आजूबाजूला लेकरं रडायलीत, पेढे वाटायलेत, आणि मध्ये ही पडलीय, हे फार अवघड असतं. कोपऱ्यातली नाहीतर दुसऱ्या वॉर्डातली कॉट मिळते, सिस्टरला नीट सांगितलं तर बहुतेक वेळा त्या करून देतात, पण कुणीतरी मागायला पाहिजे ना.

काही गोष्टी विसरू नका. तिचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा, ते ७२ तासांच्या आत द्यायचं असतं, लेकरू गेलं असलं तरी द्यायचं असतं, आणि रडारडीत हे राहून गेलं तर पुढच्या बाळंतपणाला त्रास होऊ शकतो. डॉक्टरला विचारा कारण काय वाटतं, वार, म्हणजे लेकरामागनं पडते ती, तपासायला पाठवता येईल का, अजून काही तपासणी करायची का, कारण हे विचारायची वेळ तीच असते, नंतर काही हातात राहत नाही. डिस्चार्ज कार्ड, लेकराचे पेपर, सोनोग्राफीचे रिपोर्ट सगळे एका पिशवीत घाला. रागानं फाडून टाकतात लोक, फाडू नका, पुढच्या वेळी डॉक्टर पहिलं तेच मागतात.

नोंद करायची असते. लेकरू दोन श्वास घेऊन गेलं तरी जन्माची आणि मृत्यूची दोन्ही नोंद होते, पोटातच गेलेलं असेल तर मृतजन्म म्हणून वेगळी नोंद होते, मुदत २१ दिवस. दवाखान्यात झालं असेल तर नोंद तिकडून जाते पण विचारून घ्या गेली का. वाटेल कशाला पाहिजे आता कागद. रजेला लागतो, आणि त्याहून म्हणजे तो एकच सरकारी कागद असतो जो सांगतो की हे लेकरू होतं.

मातीचं पण तिला विचारा. तान्ह्या लेकराला आपल्याकडं पुरतात, पुरुष माणसं जातात, बाईला कुणी काही सांगत नाही. माझ्या लेकीला कुठं ठेवलंय हे मला सात महिन्यांनी कळलं, ते पण एका चुलत दिराच्या बोलण्यातून, की बांधावरच्या लिंबाखाली. सात महिने मी त्या वावरात जाऊन येऊन करायले होते. निदान जागा सांगा तिला. जायचं म्हणली तर बरं झाल्यावर घेऊन जा.

दूध

यावर जरा जास्त लिहायलेय कारण हे कुणीच सांगत नाही.

लेकरू गेलं तरी दूध येतं. बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत येतं, शरीराला काय माहीत लेकरू नाही ते. पाचवा महिना सरत आलेला असताना गर्भ गेला तरी येऊ शकतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर ओसरीवर भेटायला आलेल्या बाया बसलेल्या, मी मध्ये, आणि शेजारच्या घरातलं लेकरू रडलं. एकदम छातीत कळ आली आणि ब्लाऊज पुढून ओला, पदरापर्यंत. सगळ्या बायांनी बघितलं आणि सगळ्यांनी नजर दुसरीकडं केली. मी उठून आत गेले आणि न्हाणीत बसून ते पिळून टाकत होते, आणि पांढरं दूध मोरीतनं वाहून जायलं होतं, आणि मला वाटत होतं मी काहीतरी पाप करायलेय.

तर काय करायचं. तिला आधीच सांगून ठेवा की असं होईल, होणारच, तुझ्यात काही चुकलेलं नाही. छाती घट्ट आवळून बांधायची पद्धत आहे, जुन्या बाया लुगड्याचा पट्टा ओढून बांधतात, ते करू नका, त्यानं दुखणं वाढतं आणि दूध आत साचून गाठी होतात. अंगाला बसणारी, आधार देणारी ब्रा घालू द्या, रात्री पण, आत सुती कपड्याची घडी ठेवा, ओली झाली की बदला. थंड पाण्यात भिजवून पिळलेला कपडा छातीवर ठेवा, बर्फ असेल तर कपड्यात गुंडाळून, थेट नको. छातीला गरम शेक नको, त्यानं दूध अजून उतरतं. कंबरेला, पाठीला शेक द्या खुशाल.

फारच ठणकायलं तर हातानं थोडं काढायचं, आराम पडेल एवढंच, रिकामं करायचं नाही. जितकं काढाल तितकं येतं. दोन-तीन दिवस फार जड जातात, मग हळूहळू कमी होतं, आठ-पंधरा दिवसांत बरंच जातं, थेंब थेंब मात्र कितीतरी दिवस येत राहतं. पाणी प्यायचं बंद करू नका, पाणी तोडल्यानं दूध जात नाही, बाई तेवढी अशक्त होते. दुखण्याला पॅरासिटामॉल चालते. दूध बंद व्हायची गोळी पण असते, कॅबरगोलिन म्हणून, पण ती मनानं मेडिकलवरून आणायची नाही, बीपी वाढलेल्या बाईला ती चालत नाही. डॉक्टरलाच विचारा.

एका बाजूला लाल झालं, गरम लागायलं, ताप-थंडी वाजायली तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना.

आळिवाची खीर आणि दूध यावं म्हणून जे मुद्दाम देतात ते पंधरा दिवस बाजूला ठेवलं तर चालेल. पण बाकी खाणं तोडू नका. भाकरी, वरण, तूप, पालेभाजी, अंडं खात असतील तर अंडं, डिंकाचा लाडू, जेवल्यावर शेपा-ओवा-खोबरं, सगळं तिच्या हक्काचं आहे.

एक अजून. काही बायांना ते दूध फेकवत नाही. मोठ्या शहरात काही दवाखान्यांत दूध पेढी असते, मुंबईला सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून आहे, तिथं दुसऱ्या अशक्त लेकरांना ते देतात. तुमच्या जवळ असेल आणि तिची इच्छा असेल तर विचारा. सुचवायचं पण नाही जास्त. तिच्या मनात असेल तर.

तिचं अंग

बाळंतपण झाल्यावर आशाताई घरी येतात, सहा चकरा असतात, तिसऱ्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत. लेकराचं वजन, नाळ, ताप बघायला येतात. लेकरूच नसलं की कुठं कुठं त्या येत नाहीत, त्यांना पण अवघड वाटत असेल, काय बोलावं सुचत नसेल. तुम्ही फोन करून बोलवा. म्हणा ताई, आमच्या बाळंतिणीला बघून जा. टाके, रक्तस्राव, बीपी, रक्ताच्या गोळ्या, हे सगळं तिचं बघायचं राहिलंय. आणि सहा आठवड्यांनी दवाखान्यात एकदा दाखवायचंच.

अंगावरून जाणं हळूहळू कमी होत पाच-सहा आठवडे चालतं. पण तासाभरात पॅड पूर्ण भिजायला लागलं, मोठ्या गाठी पडायल्या, घाण वास यायला लागला, ताप आला, डोकं फार ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली, झटका आला, एका पायाची पोटरी सुजून दुखायली, दम लागायला, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन करा. बीपी बाळंतपणानंतर पण वाढतं, कितीतरी दिवस.

कामाला लावू नका तिला. मला माहीताय सांगणं सोपं असतं. आपल्या बीडकडच्या, परभणीकडच्या ऊसतोडीला गेलेल्या बाया आठवतात मला, लेकरू फडातच गेलं, कोपीच्या, म्हणजे राहायच्या झोपडीच्या, मागं मातीला लावलं आणि आठव्या दिवशी परत कोयता हातात, कारण उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापतात. त्यांना कोण सांगणार सव्वा महिना पडून रहा. पण निदान टोळीतल्या बाकीच्या बायांनी मोळी तिच्या डोक्यावर देऊ नये, पाणी तिला आणायला लावू नये, जेवढं होतं तेवढं. आणि घरी असाल तर काहीच कारण नाही. अशा बाईला "कामात असली की विसरेल" म्हणून विहिरीवर, वावरात पाठवणारी घरं मी बघितलीत. विसरत नाही हो ती. टाके मात्र दुखतात.

काय बोलायचं

आधी काय बोलायचं नाही ते. "तुझं वय काय, दुसरं होईल." "बरं झालं लगेच गेलं, लळा लागला असता." "पोरगीच होती ना." "देवाची मर्जी." "अमक्या तमकीचं तर पाच वर्षांचं गेलं." आणि "रडू नको". हे सगळं लोक मायेनं बोलतात, मी मान्य करते, पण ऐकणारीला ते असं लागतं की तुझं लेकरू काही खरं लेकरू नव्हतं, बदलून मिळेल.

दुसरं म्हणजे तिच्यावर ढकलणं. पपई खाल्ली होती का, ग्रहणात बाहेर गेली होती का, कुणाचं ओलांडलं का, नजर, पायगुण. काही नसतं यात. लेकरं जातात ती बीपीनं, शुगरनं, वार आधीच सुटल्यानं, नाहीतर वारेतून लेकराला पुरेसं मिळत नाही म्हणून, जंतूंनी, लवकर जन्मल्यानं, जन्मताना श्वास कोंडल्यानं, जन्मजात दोषानं, आणि कितीतरी वेळा सगळ्या तपासण्या करून पण कारण सापडतच नाही. हे घरातल्या मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचं, "हिच्याकडून काही चुकलं नाही." एकदा सासऱ्यानं, नाहीतर सासूनं असं म्हणलं की गल्लीतली तोंडं बंद होतात. देवर्षी, उतारा, अंगारा घेऊन कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा, बाळंतिणीला मारझोड किंवा उपाशी ठेवणं असलं काही सुचवत असेल तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे हे सांगा.

मग बोलायचं काय? फार काही लागत नाही.

आमच्या घरी आजेसासू होती, मोठी माय म्हणायचो तिला, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. बारा-तेरा दिवस झाले असतील. ती काठी टेकत माझ्या खोलीत आली, बाजेच्या कडेला बसली, माझ्या पोटरीवर हात ठेवला आणि म्हणली, "कुणावर गेली होती गं लेक?" बस एवढंच. तेरा दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणले, "माय, नाक तुमच्यासारखं होतं." ती म्हणली, "बसकं?" मी म्हणले, "हो." आणि मग मी जी रडले, तिचं लुगडं भिजलं, ती काही बोलली नाही, नुसती पोटरी दाबत राहिली. मग म्हणली माझे पण दोन गेलेत, एक सव्वा महिन्याचा, एक जन्मताच. साठ वर्षांपूर्वीचं. घरात कुणालाच माहीत नव्हतं, माझ्या सासऱ्यांना पण नाही, त्यांचे सख्खे भाऊ होते ते.

तर असं विचारा. कुणावर गेलं होतं, केस होते का, नाव काय ठरवलं होतं. नाव ठेवलेलं असेल तर नावानं बोला. "मला काय बोलावं सुचत नाही पण मी बसते तुझ्यापाशी" हे पण चालतं, खरं आहे ते. ती बोलली तर मध्ये सल्ला देऊ नका. तेच तेच दहा वेळा सांगेल, ऐका. बोलली नाही तर केसांना तेल लावा, पाय चेपा, अंगाला लावणारी बाई ठरवली असेल तर तिला येऊ द्या.

लेकराच्या वस्तू

ती दवाखान्यातून यायच्या आत सगळं आवरून ठेवतात. झोळी सोडतात, टोपडी, कुंची, बाळंतविडा कुणाला तरी देऊन टाकतात, तिच्या डोळ्यांपुढं नको म्हणून. आमच्याकडं पण केलं. आढ्याला झोळीचा दोर बांधलेला होता, घाईत सोडताना तो कापला आणि वर गाठ तशीच राहिली, दोन बोटं दोर लोंबत. मी रात्रभर पडून ती गाठ बघायची. सगळं राहू दिलं असतं तरी चाललं असतं हो, तिनं स्वतःच्या हातानं घडी घातली असती.

म्हणून हात लावू नका. एखाद्या पेटीत नीट ठेवा आणि तिला सांगा, सगळं आहे, तुला वाटेल तेव्हा बघ. कुणाला द्यायचं, ठेवायचं, ते ती सांगेल, महिन्यानं नाहीतर वर्षानं.

पाचव्या दिवशी सटवाई येऊन लेकराच्या कपाळावर लिहिते म्हणतात. माझी चौथ्याच दिवशी गेली. मला किती महिने वाटायचं की हिच्या कपाळावर तर कुणी काही लिहिलंच नाही, मग ही कुणाच्या हिशोबात आहे. कुणाला बोलले नाही. असलं काहीतरी तिच्या पण डोक्यात चालू असेल, तुम्हाला वेडेपणा वाटेल असं. बोलली तर हसू नका.

नवऱ्याचं पण बघा. लेकराला हातावर घेऊन तोच जातो, त्यानंच माती लोटलेली असते, आणि तिसऱ्या दिवशी तो परत दुकानावर नाहीतर वावरात. सगळे त्याला सांगतात तिला सांभाळ. त्याला कोण सांभाळायलं? आमचे हे कितीतरी दिवस रात्री मोटर बघायला जातो म्हणून जायचे, लाईट नसताना पण. भावानं, मित्रानं त्याच्यासोबत जावं. आणि दोघांना एकमेकांपाशी रडू द्या. बाईला लगेच माहेरी पाठवून देतात, तिला जायचं असेल तर जाऊ द्या, पण नवऱ्याला येऊन राहू द्या, तोडू नका त्यांना.

घरात मोठं लेकरू असेल तर त्याला सरळ सांगा, बाळ आजारी होतं, ते वारलं, आता परत येणार नाही, आणि तुझ्यामुळं काही झालेलं नाही. झोपलं म्हणून सांगितलं तर त्या लेकराला झोपायची भीती बसते.

ओटी, बारसं, डोहाळजेवण, संक्रांतीचं वाण. यात तिला मुद्दाम टाळतात, अपशकुन म्हणून, आणि हे मी कुणाचंच ऐकून घेत नाही. आमंत्रण द्या, आणि म्हणा नाही आलीस तरी चालेल. पाच वर्षांनी माझ्या जावेच्या डोहाळजेवणात तिनंच हट्टानं मला पहिली ओटी भरायला लावली, सगळ्यांसमोर. मी ते विसरणार नाही.

हे दुःखाच्या पुढं गेलंय का

रडणं, झोप न लागणं, लेकराचा आवाज आल्यासारखं वाटणं, दुसऱ्याचं लेकरू बघून राग येणं, हे सगळं होतं. पण दोन-तीन आठवडे झाले आणि खाणं जवळजवळ बंद, अंघोळ नाही, दिवस दिवस एक शब्द नाही, किंवा त्या आधी कुठल्याही दिवशी झोपच नाही आणि भलतंच बोलायली, संशय घ्यायली, किंवा "मला पण जायचंय तिच्यापाशी" म्हणायली, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मानसिक आजाराची ओपीडी असते, संभाजीनगर, अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजांत मानसोपचार विभाग आहे. वेड लागलंय म्हणून नेत नाही आपण तिकडं, ताप आला की नेतो तसंच.

मरायचं बोलली तर एकटीला सोडू नका, आणि फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात घाला, नाहीतर दुसऱ्याच्या घरी ठेवा. कापसाच्या, सोयाबीनच्या गावात प्रत्येक घरात ते डबे कोनाड्यात असतात. आणि तिला सरळ विचारा, जीव द्यायचं मनात येतं का. विचारल्यानं मनात येत नाही, उलट आलेलं असेल तर बाहेर पडतं.

नोकरीवाली असेल तर रजा मिळते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात मूल म्हणजे मृत जन्मलेलं मूल सुद्धा धरलं होतं, म्हणजे बाळंतपणाची रजा लागू व्हायची, आणि गर्भपात झाला तर सहा आठवडे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय, तर ऑफिसात नीट विचारून घ्या. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना २०२२ पासून लेकरू मृत जन्मलं किंवा जन्मून लगेच गेलं तर ६० दिवसांची खास रजा आहे. ऑफिसात आधीच सगळ्यांना सांगून ठेवायला कुणाला तरी सांगा, म्हणजे परत गेल्यावर कुणी "पेढे कुठायत" म्हणून येणार नाही.

दुसऱ्या लेकराची घाई करू नका आणि विषय पण काढू नका. गर्भपातानंतर निदान सहा महिने थांबा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पूर्ण बाळंतपण झालेलं असेल, त्यात सिझर असेल, तर अजून थांबावं लागतं, डॉक्टर सांगतील तेवढं. दिवस राहायच्या आधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी चालू करायची, तो जुना पिशवीतला कागद सोबत न्यायचा. आणि कुणी तरण्या बाईला "पिशवीच काढून टाका, कटकट नको" म्हणलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय पाऊल उचलू नका.

आणि तूच वाचत असशील बाई, तर तुला एवढंच, तुला कुणी विचारलं लेकरं किती, आणि तू गेलेलं पण मोजलंस, तर काही चूक नाही. मी दोन सांगते. एक शाळेत जातो, एक लिंबाखाली आहे.

काल संध्याकाळी आक्काचा परत फोन आला. आवाज बारीक करून बोलायली होती, खोलीतूनच. म्हणली, गेले मी आत, विचारलं, मुलगा होता, कपाळ आमच्या बाळूवर गेलं होतं म्हणायली. खूप रडली. आता छाती फार भरून आलीय तिची, माठातल्या पाण्यात कपडा भिजवून ठेवलाय. किती वेळ ठेवायचा गं?

गरम लागला की बदल, म्हणलं. दुसरा भिजवून ठेव तोपर्यंत.